घरात पक्षी आहेत का?

आमच्या घरात देवापेक्षा पासला जास्त मान होता. बाबांच्या नोकरीचा पास आणि त्याच्या आधारावर सिंगापुरात राहायला मिळालेले आईचे नि माझे पास, अशी तीन कार्डं देव्हाऱ्याखालच्या खणात एका पाकिटात असत. संध्याकाळी दिवा लावून झाला की आई खण जरासा उघडून ती जागेवर आहेत ना ते बघे. बाबा मरीन इंजिनिअर. आधी जहाजावर होते, मी तीन-चार वर्षांची झाल्यावर किनाऱ्यावर आले आणि सेम्बावांगला जहाजदुरुस्तीच्या कामाला लागले. कंपनीचं मन फिरलं तर महिन्याभरात गाशा गुंडाळून रत्नागिरीला परत जावं लागेल, हे मला बाराखडी येण्याआधी पाठ झालं होतं. त्यामुळे आम्ही सगळं दबकत करायचो. हिंगाची फोडणी द्यायच्या आधी आई स्वयंपाकघराची खिडकी लावून घेई, कारण शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली तर? मी जिन्यात धावले तर मागून दंडाला धरून थांबवलं जाई, कारण खालच्या मजल्यावरचे काही बोलले तर? खरं तर इतक्या वर्षांत आमच्यावर कुणी साधे डोळेसुद्धा वटारले नव्हते. आमच्याकडे भीती मिठासारखी रोजच्या वापरात होती, इतकंच.

आणि अशा घरात, जिथे भाडेकरारात पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं होतं, बाबांनी बाल्कनीत सहा पक्षी ठेवले होते. आपल्याकडे ज्यांना सरसकट लव्ह बर्ड्स म्हणतात ते. सिंगापुरात त्यांना 'बजी' म्हणत, बाबा मात्र न चुकता 'बजरीगर' म्हणत आणि इतरांना दुरुस्त करत. आयुष्यात एवढी एकच बेकायदा गोष्ट त्यांनी केली असावी. जहाजावर असताना उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात त्यांचं जहाज ऐन हिवाळ्यात दुरुस्तीसाठी अडकलं होतं. तिथल्या गोदीतल्या एका म्हाताऱ्या फोरमनने परसात हेच पक्षी पाळले होते, आणि पिंजऱ्याच्या छपरावर हातभर बर्फ साचलेलं असताना आत ते मजेत कलकलाट करत होते. बाबा ते बघून चाट पडले. त्या फोरमनने त्यांना सांगितलं होतं की थंडीने पक्षी मरत नाही, तो ओलीने मरतो, आणि घरात-बाहेर, घरात-बाहेर केल्याने मरतो. बारा महिने बाहेर ठेवायचा तर बाराही महिने बाहेरच, कितीही कीव आली तरी आत आणायचा नाही. हे शिक्षण बाबांनी विषुववृत्तावरच्या तिसऱ्या मजल्यावर आणलं. यार्डातल्या लाकडी खोक्यांच्या फळ्या आणून त्यांनी कपाटाएवढा पिंजरा बांधला. तीन बाजू बंद, समोर जाळी, पुढे आलेलं छप्पर, आणि बसायच्या दांड्या मुद्दाम रुंद, म्हणजे पक्ष्याला बसल्या बसल्या पाय पोटाच्या पिसांखाली झाकता येतात. सिंगापुरात पाय गारठायची वेळ कधी येणार, असं आईने विचारलं होतं. बाबांनी स्क्रू पिळता पिळता, "येईल एखादे वर्षी," असं उत्तर दिलं.

माझी सकाळ त्या सहा जणांच्या आवाजाने व्हायची. आधी एकाची बारीक कुरकुर, मग दुसऱ्याचं उत्तर, मग सहाही जणांची एकदम बाचाबाची, त्यात बाहेरच्या झाडावरचा कोकीळ जीव तोडून ओरडत असायचा, आणि खालून पहिल्या बसचा सुस्कारा. बाबा हाफ पँटवर बाल्कनीत उभे राहून दाण्यांची टरफलं फुंकत. संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी राळ्याची मूठ टाकत, कारण रात्री भरल्या पोटाने झोपलेला पक्षी गारठत नाही, असं तो फोरमन म्हणाला होता. राळ्यांवरून आईचा एक कायमचा राग होता. ती मूळची सांगलीकडची. माहेरी भोगीला राळ्यांचा भात व्हायचा, आणि इथे भोगीला आम्ही कुकरमध्ये थाई तांदूळ लावणार नि राळे पाखरं खाणार, याचा तिला अपमान वाटे. पक्ष्यांना तिने कधी बोट लावलं नाही. बाबांनी ठेवलेल्या नावांनी हाक मारली नाही. 'तुमची ती' एवढाच उल्लेख. पण बाबा जेवत असताना बाल्कनीत काही पडल्याचा आवाज झाला तर आधी तीच उठून बघून येई, हे मला तेव्हाही दिसत होतं.

घरमालकीण मिसेस लिम दर तीन महिन्यांनी घर बघायला यायच्या. आदल्या दिवशी आमच्याकडे युद्धाची तयारी. सहाही पक्षी छोट्या पिंजऱ्यात भरून, वर टॉवेल टाकून बाबा खालच्या मजल्यावरच्या रहीम अंकलकडे पोचवत. ते निवृत्त बसचालक होते आणि त्यांचे स्वतःचे दोन होले खिडकीबाहेर टांगलेल्या पिंजऱ्यांत असत. मोठ्या पिंजऱ्यावर आई चादर घालून वर धुतलेले कपडे वाळत टाके. मिसेस लिम चपला काढून आत येत, नळ उघडून बघत, एसीखाली हात धरत, बाल्कनीच्या दारातून नजर टाकत आणि "ऑल गुड लाह, व्हेरी क्लीन" म्हणून जात. त्या लिफ्टमध्ये शिरेपर्यंत आम्ही तिघं हसऱ्या चेहऱ्याने उभे. दार लागलं की आई सोफ्यावर बसून पदराने वारा घेई आणि बाबा पक्षी आणायला धावत. मला या खेळाची मजा वाटायला हवी होती. वाटत नसे. त्या दिवशी मला जेवण जात नसे.

मी तेरा वर्षांची होते त्या वर्षी बाबांचं ते 'एखादं वर्ष' खरोखर आलं. भोगीच्या सुमाराला पाऊस लागला तो आठवडाभर हललाच नाही. सामुद्रधुनीवरून गार वारा सरळ आमच्या बाल्कनीत घुसे. शाळेत मुलं जॅकेटं घालून बसली, आईने ट्रंकेतून माझा स्वेटर काढला, आणि घरातली फरशी चटका लागावा इतकी गार. सहांपैकी पिवळी मादी अंग फुलवून कोपऱ्यात बसू लागली. दाणे चघळून टाकून देई, डोळे अर्धे मिटलेले. आणि इथे बाबांनी आपल्या गुरूचा शब्द मोडला. पक्षी आत आणले नाहीत, पण बाल्कनीलाच तिन्ही बाजूंनी जाड प्लास्टिक ठोकून घेतलं. ओल तर आत आली नाहीच, पण हवाही बंद झाली. त्या कोंडलेल्या जागेत ते स्टूल टाकून बसत, पिवळीला बनियनच्या आत छातीशी धरून, आणि दुसऱ्या हाताने खरवडणीने वाळलेली शीट खरवडत. दार उघडलं की आंबूस, पिठूळ वास यायचा आणि उजेडात बारीक धूळ तरंगताना दिसायची. पिवळी चौथ्या दिवशी गेली. बाबांनी तिला कुंडीत पुरलं आणि मला म्हणाले, "बाय, अजून दोघं फुलून बसलेत. लक्ष ठेव हां."

आठवड्याने बाबांना ताप भरला. आधी नुसती डोकेदुखी, मग कोरडा खोकला, मग असा ताप की चादर भिजावी. आईने ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली, कुळथाची पिठी पाजली. कोपऱ्यावरच्या क्लिनिकच्या गोळ्या झाल्या, बदलून झाल्या. एका दुपारी मी शाळेतून आले तर बाबा खाटेवर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून श्वास घेत होते. खांदे वर-खाली होत होते आणि ओठांचा रंग मला ओळखीचा वाटेना. मीच अँब्युलन्सला फोन केला, कारण आईला फोनवरचं इंग्रजी भरभर सुचत नसे. बाबांना नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलणं झरझर. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना वॉर्डाबाहेर घेतलं. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया आहे, म्हणाल्या, आणि नेहमीच्या औषधांचा परिणाम होत नाही. उद्यापर्यंत फरक पडला नाही तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. मी आईला मराठीत सांगत होते आणि सांगताना माझ्याच तोंडून निघणाऱ्या शब्दांची मला भीती वाटत होती. मग डॉक्टर वहीवरून मान वर करून म्हणाल्या, "तुमच्या घरात पक्षी आहेत का? पोपट, बजी, कबुतरं, काहीही?" याचं मला भाषांतर करावं लागलं नाही. माझ्या आधी आईच बोलली, कधी नव्हे ते स्पष्ट इंग्रजीत.

"नो, डॉक्टर. नो बर्ड्स. नो पेट्स."

"नक्की? शेजाऱ्यांचे वगैरे? काही पक्ष्यांपासून फुफ्फुसाचा एक वेगळा आजार होतो. त्याला औषध वेगळं लागतं, म्हणून विचारते."

"नथिंग," आई म्हणाली. तिने माझं मनगट धरलं होतं. बांगडीची कड हाडावर रुतत होती. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. मी खाली, त्यांच्या बुटांकडे बघितलं. मग त्यांचा फोन वाजला आणि त्या गेल्या.

नोव्हेनाहून सेम्बावांगला घरी यायला एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, अर्धा तास लागतो. तो अख्खा अर्धा तास आई खिडकीबाहेर बघत होती. यिशून स्टेशन गेल्यावर मी हळूच म्हणाले, "आई, त्यांनी सांगितलं ना, औषध वेगळं लागतं."

"हळू बोल."

"आपलं मराठी इथे कुणाला कळतंय?"

"हळू बोल म्हटलं ना." मग ओठ न हलवता बोलावं तशी ती बोलली, "हॉस्पिटलमधे लिहून घेतात सगळं. पक्षी आहेत म्हटलं की माणसं घरी येणार तपासायला. मिसेस लिमना कळणार. कंपनीला कळणार. आधीच आजारी माणूस, त्यात ही भानगड, पास ठेवतील का ते? आणि औषधं काय, ते देतातच सगळी. मोठं हॉस्पिटल आहे."

"पण बाबा..."

"काही होत नाही बाबांना."

हे ती मला सांगत नव्हती. घरी आल्यावर तिने पर्स खाली ठेवली नाही, तशीच ओढणी नाकाला बांधून बाल्कनीत गेली. प्लास्टिक खालपासून वरपर्यंत फाडलं आणि पिंजऱ्याचं दार सताड उघडलं. "जा," ती म्हणाली. "हुश्श. जा ना." झाडूच्या मुठीने तिने पिंजऱ्याच्या फळीवर ठोकलं. पाचही जण सगळ्यात मागच्या दांडीवर एकमेकांना चिकटून बसले. बाहेर पाऊस पडत होता आणि उघड्या दारातून एकही जण पुढे सरकला नाही. आईने आणखी दोनदा ठोकलं आणि मग झाडू टाकून तिथेच ओल्या फरशीवर बसली. त्या पाच जणांसारखीच ती मला दिसली, अंग आक्रसून बसलेली. मी दार लावलं, राळे टाकले, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले. ताटात वरणभात होता. मला आठवतं, मी तो चमच्याने सपाट करत बसले होते.

आज मी त्या दिवसाच्या आईपेक्षा वयाने बरीच मोठी आहे, आणि तिच्यावर रागावणं मला जमत नाही. नवरा वाचावा आणि पासही राहावा, यातलं एक निवडायची वेळ आपल्यावर आली आहे हेच तिला कबूल नव्हतं. काही झालंच नाही असं धरून चालायची सवय आम्हाला मिसेस लिमच्या प्रत्येक फेरीत लागली होती. मी तरी काय वेगळी होते? त्या डॉक्टरांच्या बुटांकडे बघत मीही खोटं बोललेच होते, नुसतं गप्प राहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर बाबांच्या तोंडावर मोठा मास्क होता आणि ते डोळे उघडत नव्हते. मी हाक मारली. पापण्या हलल्या, एवढंच. नर्स येऊन आकडे बघून गेली, परत दुसऱ्या नर्सला घेऊन आली, आणि त्या आपापसात हळू बोलू लागल्या. आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून कुणी हळू बोललं की काय समजायचं, हे मला आमच्या घराने शिकवलं होतं. आई म्हणाली, "मी कॉफी घेऊन येते," आणि तिला कॉफी प्यायची नव्हती हे मला माहीत होतं. तिला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं. ती लिफ्टकडे वळली. त्याच वेळी डॉक्टर समोरच्या दारातून येत होत्या.

डोळ्यांसमोर मिसेस लिम होत्या, देव्हाऱ्याखालचा खण होता, विमानतळावरच्या आमच्या बॅगा होत्या, आणि माझ्या मनगटावरचं आईचं बोट न् बोट मला जाणवत होतं. सांगितलं आणि तरीही बाबा गेले तर? मग बाबा आणि पास दोन्ही जाणार, आणि ते माझ्यामुळे. डॉक्टर माझ्या बाजूने पुढे निघून गेल्या. मी त्यांच्या मागे गेले आणि कोटाची बाही धरली. अशी अनोळखी माणसाची बाही मी त्याआधी कधी धरली नव्हती.

"डॉक्टर, आमच्याकडे पक्षी आहेत," मी इंग्रजीत म्हणाले. "बजीज. सहा होते. एक मेला. बाबा त्याला शर्टात घेऊन बसायचे. अजून दोन आजारी आहेत. आईने भीतीमुळे नाही म्हटलं. प्लीज, घरमालकिणीला सांगू नका."

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "पक्षी कधी मेला?" मी सांगितलं. "बाबा किती दिवसांनी आजारी पडले?" तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि वळून चालू लागल्या; चार पावलांनंतर त्या जवळजवळ धावतच होत्या.

आई दोन कागदी कप घेऊन आली तेव्हा बाबांच्या खाटेशी तीन माणसं होती आणि सलाईनला नवीन पिशवी लागत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मी सांगितलं." मला वाटलं ती मारेल. तिने कप खिडकीत ठेवले, खुर्चीवर बसली आणि विचारलं, "आता काय होईल?" मला माहीत नव्हतं. पुढचे दोन दिवस आम्ही त्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसून काढले आणि पक्ष्यांचं नाव काढलं नाही. मी दर थोड्या वेळाने त्या आकड्यांच्या पडद्याकडे बघे. एकदा ऑक्सिजनचा आकडा खाली गेला तेव्हा हे आपण केलं, असं माझ्या मनात आलं, आणि ते कुणाला सांगताही येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा ताप उतरला. घशात नळी घालायची वेळ आली नाही.

बाकीचं थोडक्यात सांगते, कारण ज्याला आम्ही इतकी वर्षं भीत होतो ते अगदी थोडक्यात झालं. मिसेस लिमना कळलं, आम्हीच सांगितलं. त्या खूप चिडल्या, डिपॉझिटमधला काही भाग ठेवून घेतला आणि दोन महिन्यांत घर सोडायला सांगितलं. आम्ही जुरोंग ईस्टला राहायला गेलो. कंपनीतल्या कुणी पक्ष्यांबद्दल विचारलंसुद्धा नाही. बाबांच्या साहेबांनी संत्र्यांची पेटी पाठवली. पास तसाच राहिला. जनावरांच्या डॉक्टरांनी उरलेल्या पक्ष्यांना दीड महिना औषध द्यायला सांगितलं, तेही बाहेर मोकळ्या हवेतच ठेवून. बाबांना जवळ जायची बंदी, माझ्यावर आईचा विश्वास नव्हता. त्यामुळे मास्क आणि रबरी हातमोजे घालून ते औषध दीड महिना आईनेच दिलं. दोघं गेले, तिघं वाचले. जुरोंगला जाताना ते तिघं रहीम अंकलकडे राहिले आणि त्यांच्याकडे, खिडकीबाहेर, बरीच वर्षं जगले.

पण मला सांगायचं आहे ते हॉस्पिटलमधलंच, ताप उतरल्यानंतरच्या एका दुपारचं. बाबांचा मास्क जाऊन नाकात बारीक नळी आली होती. आई घरी पक्ष्यांना औषध द्यायला गेली होती. मी त्यांना चमच्याने फिश सूप भरवत होते आणि आता सांगून टाकायला हवं म्हणून मनाची तयारी करत होते. सूप संपल्यावर मी म्हणाले, "बाबा, डॉक्टरांना मी पक्ष्यांचं सांगितलं. आईने नको म्हटलं होतं. आता बहुतेक घर सोडावं लागेल."

ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला पण विचारलेलं त्यांनी. पहिल्याच दिवशी, आणलं तेव्हा."

"मग?"

"नाही म्हणालो."

मला क्षणभर कळेना. त्यांना बोलता येत होतं, समजत होतं, आणि तरी श्वास पुरत नसताना त्यांनी तेवढ्यासाठी मास्क बाजूला करून नाही म्हटलं होतं. "का?" मी विचारलं. माझा आवाज चढला आणि पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी मान वळवली.

"भीती वाटली गं, बाय," बाबा म्हणाले. जहाजावर एकदा इंजिनरूममध्ये आग लागलेली असताना आत शिरलेला हा माणूस. 'भीती' हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "तुला नाही वाटली?"

"वाटली," मी म्हणाले. "तुम्ही जाल याची जास्त वाटली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चेहरा भिंतीकडे वळवला, आणि त्यांचे खांदे पुन्हा वर-खाली होऊ लागले. मी घाबरून नर्सला बोलवायला उठले, तेव्हा त्यांनी न बघताच माझा हात धरून मला खाली बसवलं. श्वासाचं काही नव्हतं. बाबा रडत होते.